एका नावावर दोघींची सबसिडी

आमच्या गावात माझ्या आईच्या नावाच्या दोन बायका आहेत. एक माझी आई. दुसरी आमच्या दारावरून जी गल्ली खाली उतरते तिच्या शेवटच्या घरातली. आडनाव दोघींचं एकच, कारण निम्म्या गावाचं तेच आहे. नवऱ्याचं नावही एक, कारण पहिल्या मुलाला ग्रामदैवताचं नाव ठेवायची रीत होती आणि दोन्ही घरांनी ती पाळली. दोघींची माहेरची नावं वेगळी होती, पण लग्नात सासरच्यांनी ती बदलली. आई आधी आली. दुसरी वर्षभरानं आली, तेव्हा तिच्या सासऱ्यांना कुणीतरी म्हणालं की या नावाची एक सून गल्लीत आहे. ते म्हणाले, नाव चांगलं आहे.

गावानं आपली सोय करून घेतली. गल्लीच्या वरच्या टोकाला राहणारी ती वरली आणि खालच्या टोकाची ती खालली. माझी आई वरली. शाळेत मला काही दिवस 'वरलीचा' म्हणत. खाललीला मी काकू म्हणायचो, म्हणजे लहानपणी म्हणायचो. नंतर म्हणायची वेळ आली नाही, कारण दोघींनी बोलणं टाकलं.

त्याला कारण एक म्हैस. मी बारावीत असताना वडिलांनी खाललीच्या नवऱ्याला एक म्हैस विकली. चार महिन्यांची गाभण आहे म्हणून विकली. ती गाभण नव्हती. हे नक्की व्हायला दोनएक महिने गेले. मग एका सकाळी खालली आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फसवून म्हस गळ्यात मारलीसा." वडील रानात गेले होते. आई गोठ्यात शेण काढत होती. ती तशाच हातानं बाहेर आली आणि म्हणाली, "म्हस बघायची अक्कल न्हवती तर घ्यायची कशाला?"

खालली वळून घरी गेली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुरुषांचं काही बिघडलं नाही. पुढच्याच आठवड्यात वडील आणि तिचा नवरा एकाच टेंपोतून संकेश्वरच्या बाजाराला गेले. वडील वारले तेव्हा तो माणूस तेरा दिवस आमच्या सोप्यात बसून होता. खालली तिसऱ्या दिवशी आली, बायकांत बसली आणि उठून गेली. आईशी बोलली नाही. अशा वेळी कुणी फार बोलतच नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाव निपाणी आणि संकेश्वरच्या मधे, हायवे सोडून आत आहे. दूध दोन राज्यांत जातं. एक डेअरी आपल्या बाजूची, म्हणजे कर्नाटकातली, आणि एक टेंपो पलीकडच्या राज्यातून येतो. पलीकडचा दर जरा बरा असतो. इकडच्या डेअरीला दूध घातलं तर सरकार लिटरमागं पाच रुपये वेगळे देतं. कशात फायदा यावर पारावर रोज भांडण होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. आईच्या मनात कधी प्रश्न आला नाही. दुधाचं बिल वडील असेपर्यंत वडिलांच्या हातात पडायचं. हे पाच रुपये मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या खात्यात येत होते, आणि खातं तिच्या एकटीचं होतं. ती इकडंच दूध घालत राहिली. खाललीही इकडंच घालायची. दोघी रोज दोन वेळा किटली घेऊन एकाच रांगेत उभ्या राहायच्या, कधी एकीच्या मागं एक. सेक्रेटरी मशीनकडं बघून सांगायचा, "वरली, चार लिटर, फॅट साडेसहा." मग, "खालली, पाच लिटर." खाललीचं दूध नेहमी थोडं जास्त असायचं. आई म्हणायची, पाणी असणार. फॅट मात्र सारखीच लागायची.

मी बेळगावात राहतो. मच्छे इथल्या एका फौंड्रीत स्टोअर्स सांभाळतो. दर रविवारी गावी जातो. तीनएक वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आई जेवण वाढताना म्हणाली, "सगळ्यांची सबसिडी आली. माझी न्हाय आली."

"कधीपासनं न्हाय?"

"वरीस झालं असंल."

"वर्षभर सांगितलं का न्हाईस?"

"सरकारचं काम हाय. येईल म्हटलं."

यात तिची चूक नव्हती. सबसिडी अशीच येते. चार-पाच महिने काही नाही, मग एखाद्या दिवशी दोन महिन्यांची एकदम. ती आली नाही तर बायका एकमेकींना विचारतात, तुझी आली का. तिचीही आली नसेल तर विषय संपतो. आईनं आजूबाजूला विचारलं होतं, पण ज्या बाईला विचारल्यावर उलगडा झाला असता तिलाच ती विचारू शकत नव्हती. हे अर्थात तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मी आईचं आधार कार्ड आणि पासबुक घेऊन डेअरीत गेलो. सेक्रेटरी पन्नाशीचा आहे, तीस वर्षं तेच काम करतो. दूध घेऊन झाल्यावर त्यानं कॉम्प्युटर लावला.

"वरलीची दर खेपेला गेल्या की," तो म्हणाला.

"कुठं गेल्या?"

त्यानं ओळ दाखवली. नाव बरोबर होतं, कन्नडात. पुढं आधारचे शेवटचे चार आकडे होते. ते आईच्या कार्डावरच्या आकड्यांशी जुळत नव्हते. त्यानं यादी खाली सरकवली. तेच नाव पुन्हा आलं. सभासद नंबर वेगळा, पण आधारचे चार आकडे तेच.

"नवं सॉफ्टवेअर आलतं तवा सगळ्यांची माहिती परत भरली," तो म्हणाला. "एक नाव दोनदा दिसलं असंल. आधार एकच डकवला असणार."

"कुणी?"

"भरणाऱ्यानं."

भरणारा तोच होता. चार आकडे कुणाचे ते त्यालाही विचारावं लागलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती शेंगा फोडत होती, तशीच फोडत राहिली.

"असू दे," ती म्हणाली. "तिच्याकडंच ऱ्हाऊ दे."

"असू दे काय? वर्षाची सबसिडी हाय."

"ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं."

का ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण मला ते पटलेलं नव्हतं. मी स्टोअर्समधला माणूस. एका मापाचा बोल्ट दुसऱ्या मापाच्या खणात सापडला तर तो उचलून जागेवर ठेवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. मी बसून अर्ज लिहिला. इंग्रजीत लिहिला, म्हणजे ऑफिसात लवकर हलेल. त्यात सविस्तर मांडलं की या दोन्ही सभासदांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव आणि डेअरी सगळं एकच आहे आणि त्यामुळं आधार नंबरचा घोटाळा झाला आहे. सेक्रेटरीनं शिक्का मारला. सोमवारी कामावर जाता जाता मी तो बेळगावच्या ऑफिसात देऊन पोचपावती घेतली. अर्ज चांगला झाला आहे असं मला वाटत होतं.

सेक्रेटरीनं खाललीला सांगितलं असणार. पुढच्या रविवारी ती आमच्या दारात आली, म्हशीच्या दिवसानंतर, वडिलांचा तिसरा दिवस सोडला तर, पहिल्यांदाच. हातात पासबुक होतं. आई सोप्यात पावटा निवडत बसली होती आणि मी चार हातांवर खुर्चीत होतो. खाललीनं माझ्याकडं बघून बोलायला सुरुवात केली.

"तुझ्या आईला सांग, मला ठावं न्हवतं. जादा येतंय ते दिसत हुतं. सरकारनं वाढवली असंल म्हटलं."

मी आईकडं बघितलं. आई पावट्याकडं बघत होती.

"तिला सांग," आई म्हणाली, "मी काय मागितलेलं न्हाय."

मी खाललीला सांगितलं की आईनं काही मागितलेलं नाही. तिनं ते ऐकलेलंच होतं, तरी मान हलवली.

"मागितलं न्हाय तरी द्याचं हाय मला. परक्याचं माझ्या खात्यात कशाला?"

"तिला सांग, जाऊ दे."

"काकू, आई म्हणती जाऊ दे."

"तुझ्या आईला सांग, जाऊ दे म्हणून जात नसतंय."

असं थोडा वेळ चाललं. दोघींपैकी कुणी आवाज चढवला नाही. शेवटी खालली पासबुक काखेत धरून निघून गेली आणि आईनं मला विचारलं, "चहा टाकू का?"

त्यानंतरची सबसिडी महिन्या-दीड महिन्यानं आली. गावात सगळ्यांची आली. आईची आली नाही. खाललीचीही आली नाही. सेक्रेटरीचा मला कामावर फोन आला.

"दोघींचीबी बंद केल्या," तो म्हणाला. "एकच बाई दोन नंबरांवर घेती म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"तुमच्या अर्जात लिहिलंय म्हणं."

मी घरी जाऊन अर्जाची झेरॉक्स काढून वाचली. लिहिताना जे वाक्य मला स्वच्छ वाटलं होतं, ते आता वाचताना तसं वाटेना. दोघींचं सगळं एक आहे असं मी इतक्या ठिकाणी लिहिलं होतं की दोघी दोन आहेत हे लिहायचं राहून गेलं होतं. दोष ऑफिसचा नव्हता. त्यांनी मी लिहिलं तेवढंच वाचलं होतं.

आता उपाय एकच होता. दोघींनी मूळ कागद घेऊन साहेबांपुढं एकाच वेळी हजर व्हायचं आणि आपण दोन आहोत हे दाखवायचं. मी रजा टाकली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला सांगितलं हुतं न्हवं." खाललीला सांगायला मी तिच्या घरी गेलो. तिचा नवरा दारात बसला होता. त्याला कमी ऐकू येतं. त्यानं मला आपुलकीनं बसवून घेतलं, वडिलांची आठवण काढली आणि म्हैस कुठल्या दराला चालली आहे ते विचारलं. खालली आतून म्हणाली, "किती वाजता निघायचं?"

सकाळचं दूध घालून झाल्यावर निघालो. गाडी लागते म्हणून आई नेहमी पुढं बसते. मी गाडी दारात आणली तेव्हा खालली पुढच्या दाराशी उभी होती. तिलाही गाडी लागत होती. आई पायरी उतरून आली, तिनं बघितलं, आणि मागचं दार उघडून बसली. खाललीनं क्षणभर विचार केला, पुढचं दार लावलं आणि दुसऱ्या बाजूनं तीही मागंच बसली. पुढची सीट मोकळी. आमच्या गल्लीनं आम्हाला जाताना बघितलं. कुणी काही विचारलं नाही, पण दोन-तीन माणसं उभी राहिली.

संकेश्वरपर्यंत दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. उसाच्या ट्रॉल्या पुढं होत्या, गाडी हळू चालली होती. संकेश्वर सोडल्यावर खालली मला म्हणाली, "हिची काच खाली कर रं. तोंड बघ कसं झालंय." मी काच खाली केली. वंटमुरीच्या घाटात आईनं डोळे मिटून घेतले. खाललीनं कमरेच्या पिशवीतून एक लिंबू काढलं, नखानं सालीला चीर दिली आणि आईच्या मुठीत ठेवलं. आईनं डोळे न उघडता ते नाकाला लावलं. हे मी आरशात बघितलं.

ऑफिसात व्हरांड्यात एक लांब बाक होता. आमच्यासारखी आणखी सात-आठ माणसं तिथं कागद मांडीवर घेऊन बसली होती. तासाभरानं शिपाई दारात आला आणि त्यानं नाव पुकारलं. दोघी उठल्या.

"एकटीच," शिपाई म्हणाला.

दोघी बसल्या.

त्यानं हातातल्या कागदाकडं बघितलं आणि पुन्हा तेच नाव पुकारलं. दोघी पुन्हा उठल्या. या वेळी मीही उठलो आणि त्याला समजावलं. तो म्हणाला, मग आधीच सांगायचं.

साहेब म्हणजे एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी आम्हाला नीट बसवलं. "कुडरी," त्या दोघींना म्हणाल्या, बसा म्हणून. फाइल उघडली. वरच माझा अर्ज होता. त्यांनी एक ओळ बोटानं दाखवली आणि मला विचारलं, हे कुणी लिहिलं. मी म्हणालो, मी. त्या म्हणाल्या, बरं.

मग त्या कन्नडात बोलू लागल्या. आईचं माहेर कागलकडचं, तिचं कन्नड बसस्टँड आणि बाजारापुरतं. खाललीचं माहेर गोकाककडचं. तिचं कन्नड ऐकून बाईंचा चेहरा जरा सैल झाला. खाललीनं सगळं सांगितलं, सेक्रेटरीनं काय केलं ते, मी काय केलं ते. माझ्याबद्दल काय म्हणाली ते मला सगळं कळलं नाही, पण बाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. त्यांनी दोन्ही आधार कार्डं शेजारी ठेवली. नाव एक, नवऱ्याचं नाव एक, गाव एक. वयात दोन वर्षांचा फरक. त्यांनी कार्डं पुन्हा उलटसुलट केली, पेन खाली ठेवलं आणि जरा हळू आवाजात एक प्रश्न विचारला. दोघींचा नवरा एकच का, असा तो प्रश्न होता. तेवढं कन्नड आईला येत होतं.

"न्हाय," आई मराठीत म्हणाली. "तिचा अजून हाय."

बाईंना मराठी समजत असावं. त्यांनी एक-दोन वेळा पापण्या मिटल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी सांगितलं की दोघींचा एकत्र फोटो लागेल. एकाच फोटोत दोघी, हातात आपापलं आधार कार्ड, आणि कार्डावरचं वाचता आलं पाहिजे. जेवणाच्या सुट्टीनंतर आणून द्या. दोन माणसं दोन आहेत याला एवढा पुरावा पुरेसा आहे, असं त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

फोटो मीच काढला, ऑफिसच्या आवारात भिंतीसमोर, फोनवर. पहिल्यात दोघींमध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा होती. कार्डं वाचता यायची तर मला जवळ जावं लागत होतं, आणि जवळ गेलं की एक जण बाहेर पडत होती. "सरका की जरा," मी म्हणालो. दोघी एकेक पाऊल सरकल्या. दुसऱ्या फोटोत आईनं कार्ड उलटं धरलं होतं. तिसऱ्यात खाललीचा अंगठा नावावर होता. चौथ्याला खाललीनं आईचं मनगट धरून कार्ड सरळ केलं आणि तसंच धरून ठेवलं. तो फोटो चांगला आला. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी त्याचे प्रिंट काढून आणले.

सुट्टी संपायला अजून तास होता. मी म्हणालो, हॉटेलात जेवू. दोघींनीही डबा आणला होता. आईकडं भाकरी आणि लसणाची चटणी, खाललीकडं भाकरी आणि झुणका. बाकावर बसून दोघी जेवायला लागल्या. मला आईनं एक भाकरी दिली. मी थोडं पलीकडं, खांबाला टेकून उभा होतो. खाललीनं न विचारता थोडा झुणका उचलून आईच्या भाकरीवर ठेवला. आईनं तो बघितला. खाल्ला.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "मला ठावं हुतं."

ती कशाबद्दल बोलते आहे ते मला कळलं नाही. खाललीला कळलं.

"म्हस गाभण न्हवती ते?"

"व्हय. ह्यांनी इकली तवाच ठावं हुतं. म्हटलंवतं ह्यास्नी, सांगून इका. न्हाय ऐकलं."

खालली भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

"तुला ठावं हुतं ते मला ठावं हुतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझ्या तोंडाकडं बघून कळलं."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तूच अक्कल काढलीस माझी."

आई चटणीला घास लावत म्हणाली, "हात न धुताच आलतो बाहेर मी." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, आलतो, गेलतो. खालली म्हणाली, "बघितलं. शेणानं भरलेलं हुतं." मग तिनं विचारलं, "चटणीत तीळ घातलास का गं?"

मी खांबाशी उभा होतो. "तिच्याकडंच ऱ्हाऊ दे" म्हणाली तेव्हा आई काय म्हणत होती ते मला तेव्हा कळलं. आणि मी त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसलो होतो. वडिलांबद्दल मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. ते वाईट माणूस नव्हते. त्या वर्षी माझी कॉलेजची फी भरायची होती. पण म्हशीचे पैसे त्यातच गेले का, हे मी आईला विचारलं नाही, आणि आता विचारेन असंही वाटत नाही.

बाईंनी फोटो फाइलला लावला, सह्या घेतल्या. आईची सही मराठीत, खाललीची कन्नडात. पंधरा दिवसांत होईल, त्या म्हणाल्या. चार महिने लागले.

ते चार महिने सेक्रेटरीला जड गेले. आधी दोघी रांगेत गप्प उभ्या राहायच्या. आता रोज सकाळी दोघी मिळून त्याला विचारायच्या, आमचं काय झालं. एकीनं विचारलं की दुसरी पुस्ती जोडायची. तो मला फोन करून म्हणाला, "भांडत हुत्या तेच बरं हुतं." पाचव्या महिन्यात दोघींची सबसिडी सुरू झाली. आईची आईच्या खात्यात, खाललीची खाललीच्या. आईनं निपाणीला बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं आणि मला फोनवर आकडा वाचून दाखवला. खात्री करायला पुन्हा एकदा वाचला.

वर्षभराचे जे खाललीकडं गेले होते ते मात्र आईनं घेतलेच नाहीत. खाललीनं एकदा पैसे काढून माझ्या हातात आणून दिले. मी ते आईपुढं ठेवले. आईनं मला ते परत देऊन यायला लावलं. दोन्ही घरांत मला चहा घ्यावा लागला. पुढच्या महिन्यात डेअरीतून आमच्या घरी पशुखाद्याचं एक पोतं आलं. सेक्रेटरीनं स्वतः सायकलवर घालून आणलं.

"मी मागवलं न्हाय," आई म्हणाली. "खाललीचं असंल. नाव बघ की."

"नाव बघूनच आणलंय," सेक्रेटरी म्हणाला. "पैसे भरलेलं हायत." आणि पोतं गोठ्यात उतरवून तो गेला.

दुसरं पोतं आई परत पाठवायला निघाली होती, पण सायकल तोवर वळली होती. तिसऱ्याला ती काही बोलली नाही. किती पोती आली ते तिनं मोजलं असेल, मला सांगितलं नाही. म्हैस मात्र त्या वर्षी चांगली राहिली. दूध पाच लिटरवर गेलं.

गेल्या वर्षापासून आईला गुडघ्यामुळं धार काढायला बसता येत नाही. मी म्हटलं, म्हैस विकू. म्हैस विकली, निपाणीकडच्या एका शेतकऱ्याला. विकताना आईनं त्याला म्हशीबद्दल जे जे सांगता येईल ते सगळं सांगितलं, डाव्या सडाला दूध कमी येतं तेही. तो जरा बावरला, पण घेऊन गेला. मी तिला बेळगावला चल म्हणालो. ती दहा दिवस राहिली आणि परत गेली. आमच्या फ्लॅटमध्ये दारात बसायला जागा नाही, असं कारण तिनं दिलं.

आता तिचा फोन येतो तो बहुतेक संध्याकाळी, दूध घालायची वेळ झाली की. खालली डेअरीला जाताना वर चढून येते, किटली आमच्या पायरीवर ठेवते आणि बसते. मग परत येताना बसते. तिच्या सुनेचं, गोकाकच्या भावाचं, सेक्रेटरीनं फॅट कमी लावली त्याचं, सगळं सांगते. फोनवर मागं तिचा आवाज येत असतो. परवा आई हळू आवाजात मला म्हणाली, "लई बोलती रं ही."

"मग आत जाऊन पड की थोडा वेळ."

"कसं जाऊ? ही दारात बसल्या न्हवं," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला, कारण खालली तिला काहीतरी विचारत होती.